एक्सेल सोडून टॅक्स सॉफ्टवेअरवर गेलो: एप्रिल ते सप्टेंबर २०२५ च्या नोंदी

आधी माझ्याबद्दल थोडं, म्हणजे पुढचं कितपत आपल्या कामाचं ते ठरवता येईल. मी सीए नाही. बी.कॉम. केलंय, जीएसटीपी (जीएसटीची कामं करणारा नोंदणीकृत प्रॅक्टिशनर) आहे, घरातल्याच एका खोलीत बसून इन्कम टॅक्स रिटर्नं भरतो. १४२ क्लायंट, त्यातले निम्म्याहून जास्त पगारदार आणि पेन्शनर, पस्तीसेक दुकानदार नि छोटे ठेकेदार आयटीआर-४ (अंदाजे नफ्यावर कर भरणाऱ्या छोट्या धंद्यांचा फॉर्म) वाले, आणि शेअर म्युच्युअल फंडवाले दरवर्षी वाढतायत. आजपर्यंत सगळं एक्सेलमध्ये आकडेमोड करून पोर्टलवर हाताने भरत होतो. यावर्षी ठरवलं की पैसे टाकून सॉफ्टवेअर घ्यायचं. कुणी हेच करायला निघालं असेल तर माझ्या चुका वाचून तरी त्याचे चार दिवस वाचावेत म्हणून लिहून ठेवतोय.

१२ एप्रिल

खरेदीच्या आधी गेल्या सीझनची वही काढून बसलो. प्रत्येक रिटर्नसमोर किती वेळ गेला ते मी पेन्सिलने लिहितो, जुनी सवय. बेरीज केली तर साध्या पगाराच्या रिटर्नला आकडेमोड नि भरणं धरून सरासरी वीस-पंचवीस मिनिटं, आणि कागद मागणं, ओटीपी मागणं, "साहेब उद्या देतो" ऐकणं यात त्याच्या दुप्पट. म्हणजे सॉफ्टवेअर घेऊन जो वेळ वाचणार तो मुळात लहान भागातला. तरी घ्यायचंच, कारण गेल्या वर्षी माझ्याच शीटमध्ये एक फॉर्म्युला एका ओळीने खाली सरकला होता आणि दोन क्लायंटचं व्याज चुकलं होतं. स्वतःच्या शीटवर विश्वास उडाला की रात्री झोप लागत नाही.

२६ एप्रिल

तीन डेमो झाले. ओळखीच्या ऑफिसांतून विनमन, कॉम्प्युटॅक्स, जीनिअस, टॅक्सबेस, क्लिअरटॅक्स अशी बरीच नावं कानावर येतात, मी कुठली बघितली आणि कुठलं घेतलं ते लिहीत नाही, कारण इथल्या बहुतेक चुका माझ्या आहेत आणि उगाच एखाद्या नावावर बिल फाटायला नको.

मुख्य निवड कॉम्प्युटरवर बसणारं की ऑनलाइन चालणारं, ही. ऑनलाइनवाल्याचं आकर्षण असं की कुठूनही उघडतं, बॅकअपची चिंता नाही. पण एकाचा हिशोब रिटर्नांच्या संख्येवर होता आणि माझ्यासारख्याला १४२ रिटर्नांना ते महाग पडत होतं, शिवाय आमच्याकडे संध्याकाळी नेट गेलं की तासभर येत नाही. म्हणून कॉम्प्युटरवरचं.

डेमोत मी विचारलं: किती रिटर्नं भरता येतात, मागच्या वर्षीचं जेसन (भरलेल्या रिटर्नची फाइल) आत घेता येतं का, २६एएस (आधीच कापलेल्या कराचा, म्हणजे टीडीएसचा, सरकारी तक्ता) आणि एआयएस (वर्षभराच्या उत्पन्न-व्यवहारांची सरकारी यादी) ओढून घेतं का. विचारायला हवं होतं आणि राहिलं ते असं: दुसऱ्या कॉम्प्युटरवर टाकायला वेगळे पैसे पडतात का, पुढच्या वर्षी रिन्युअल किती, सपोर्टचा फोन संध्याकाळी सहानंतर उचलतात का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, उद्या सोडायचं म्हटलं तर माझे क्लायंट एक्सेलमध्ये बाहेर काढून देतं का. आत घ्यायला सगळेच तयार असतात.

१० मे

घेतलं. ८,५०० अधिक १८ टक्के जीएसटी, एकूण १०,०३० रुपये. माझं स्वतःचं जीएसटी रजिस्ट्रेशन नाही, उलाढाल तेवढी नाही, त्यामुळे क्रेडिट वगैरे काही मिळत नाही, सगळा खर्च खिशातून. बायको म्हणाली, एवढ्यात प्रिंटर आला असता. आला असता खरा.

१८ मे

आजचा अख्खा रविवार गेला आणि तो माझ्याच मूर्खपणात गेला, म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्या एक्सेलमधून १४२ नावं, पॅन, जन्मतारीख, मोबाइल असं सॉफ्टवेअरच्या नमुन्यात कॉपी केलं आणि इम्पोर्ट मारलं. हिरवी पट्टी, "१४२ नोंदी घेतल्या". मी खूश, चहा प्यायलो. मग एका क्लायंटचं एआयएस डाउनलोड करून उघडायला गेलो तर पासवर्ड चालेना. एआयएसच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे लहान अक्षरात पॅन आणि पुढे जन्मतारीख, दिवस-महिना-वर्ष आठ आकडी. सॉफ्टवेअर तो आपोआप बनवतं. तीनदा केलं, नाही. दुसऱ्या क्लायंटचं उघडलं. तिसऱ्याचं परत नाही.

मग जन्मतारखांचा कॉलम बघितला आणि डोक्याला हात लावला. माझ्या कॉम्प्युटरवर तारखेची सेटिंग अमेरिकन, म्हणजे महिना आधी. ०५/११/१९६८ म्हणजे मला ५ नोव्हेंबर, एक्सेलने ती ११ मे केली. आणि ज्यांची जन्मतारीख १३ किंवा पुढची, तिथे १३ वा महिना नसतो म्हणून एक्सेलने ती तारीखच मानली नाही, नुसता मजकूर समजून डावीकडे चिकटवून ठेवली, आणि सॉफ्टवेअरने तिथे गुपचूप रिकामं सोडलं. हिशोब केला: ८६ रिकाम्या, ५६ आत गेल्या, त्यातल्या दिवस नि महिना सारखेच असलेल्या ५ बरोबर, बाकी ५१ उलट्या. १४२ पैकी ५ बरोबर!

रिकामी जागा दिसते तरी, उलटी तारीख दिसत नाही. आणि जन्मतारखेवरून सीनियर सिटीझन ठरतो, ६० च्या आसपासच्या माणसाचे सहा महिने इकडचे तिकडे झाले तर जुन्या करपद्धतीत (वजावटीवाली; नवीन पद्धतीत दर कमी, वजावटी थोड्या) अडीच लाखाऐवजी तीन लाखाची सूट मिळायची की नाही तेच बदलतं.

उपाय: कॉपी करायच्या आधी तो कॉलम टेक्स्ट करायचा, मग एक्सेलच्या टेक्स्ट टू कॉलम्समध्ये जाऊन डीएमवाय (दिवस-महिना-वर्ष) निवडायचं, आणि महिना अक्षरात दिसेल असा फॉरमॅट लावून नजर फिरवायची. शंका असलेल्या तारखा मी पॅनकार्डच्या फोटोवरून ताडून घेतल्या. पाच तास.

३१ मे

२७ तारखेला जाहीर झालं की ३१ जुलैची मुदत १५ सप्टेंबर केली, फॉर्मांमध्ये बदल जास्त असल्याने. आयटीआर-१ (साध्या पगार-पेन्शनचा फॉर्म) आणि ४ च्या युटिलिटी, म्हणजे रिटर्न तयार करायचे सरकारी प्रोग्रॅम, आत्ता आल्या. ज्यांना मी महिनाभर कागद मागत होतो त्यांनी लगेच व्हॉट्सॲपवर बातमीचा फोटो पाठवला आणि खाली "आता निवांत". निवांत त्यांना. माझा सीझन थेट गणपतीत घुसला.

१४ जून

उत्साहाने एक पेन्शनरचं रिटर्न ७ तारखेलाच भरून टाकलं होतं, म्हटलं नवीन सॉफ्टवेअर चालवून बघू. आज त्यांचं २६एएस परत उघडलं तर बँकेचा शेवटच्या तिमाहीचा टीडीएस आत्ता दिसतोय. शेवटच्या तिमाहीचं टीडीएस रिटर्न भरायची मुदतच ३१ मे असते, त्यानंतर ते चढायला वेळ लागतो, फॉर्म १६ सुद्धा १५ जूनपर्यंत येतो. हे मला दहा वर्षं माहीत आहे आणि तरी केलं. रिव्हाईज केलं, फी काही लागली नाही, पण परत ओटीपी, परत फोन. यापुढे टीडीएस कापलेल्या कुणाचंही १५ जूनच्या आत हातात घ्यायचं नाही.

२२ जून

पासवर्ड आणि ओटीपी. सॉफ्टवेअर घेतल्यावर हे सुटेल असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी: नाही सुटत.

सॉफ्टवेअर पोर्टलवर जाऊन २६एएस ओढतं ते क्लायंटच्या लॉगिननेच. माझ्याकडे पासवर्ड एका वहीत होते, वही कपाटात, कपाटाची किल्ली फ्रिजवर. हसू नका, अर्ध्या गावात हेच आहे. आज सगळे कीपास या पासवर्ड साठवायच्या प्रोग्रॅममध्ये टाकले, फुकट आहे, फाइल आपल्याच कॉम्प्युटरवर कुलूपबंद राहते. वही फाडून पाण्यात भिजवली.

टाकताना कळलं की १९ जणांच्या प्रोफाइलवर मोबाइल आणि ईमेल त्यांच्या जुन्या कन्सल्टंटचाच आहे. म्हणजे माझ्या क्लायंटला नोटीस आली तर ती भलत्याच माणसाला जाणार. एका काकांना विचारलं तर म्हणाले, "मला काय विचारता, पासवर्ड तुमच्याकडेच असतो ना?" या १९ जणांना एकेक करून समोर बसवलं, आधार ओटीपीने लॉगिन करून त्यांचा स्वतःचा नंबर टाकला. सहा जणांचा आधारला जुना नंबर लिंक होता, त्यांना आधी आधार केंद्रात पिटाळलं. हे काम मी एप्रिलमध्ये करायला हवं होतं, तेव्हा केंद्रात शाळा-कॉलेजच्या दाखल्यांची गर्दीही नसते.

सोबत एका पानाचं संमतीपत्र करून सही घेतोय: माझ्या वतीने हे लॉगिन वापरतील, भरायच्या आधी मी आकडे बघितले आहेत. कुणी विचारतं, इआरआय (दुसऱ्यांची रिटर्नं भरणारा, खात्याकडे नोंदवलेला मध्यस्थ) म्हणून रजिस्टर का होत नाही? त्यात क्लायंटला ओटीपीने आपल्या यादीत जोडून घेता येतं, पासवर्ड सांभाळावे लागत नाहीत. रास्त आहे, सीझन संपला की बघणार. सीझनमध्ये घराचं प्लास्टर काढायचं नसतं, मी आधीच अर्धं काढलंय.

३० जून

पीटीईसीचा, म्हणजे धंदेवाल्यांच्या वार्षिक व्यवसाय कराचा, शेवटचा दिवस, दुकानदारांचे २,५०० चे चलन भरण्यात अर्धा दिवस. सॉफ्टवेअरचा याच्याशी संबंध नाही, पण वेळापत्रक करताना हा दिवस रिकामा धरू नका.

१२ जुलै

आयटीआर-२ (शेअर वगैरेंच्या नफ्याचा) आणि ३ (धंद्याचा) च्या एक्सेल युटिलिटी काल आल्या. माझ्या सॉफ्टवेअरचा अपडेट यायला अजून काही दिवस म्हणे. तोपर्यंत एक चांगली गोष्ट: यावर्षी ११२ए चा (शेअर-इक्विटी फंड वर्षाहून जास्त ठेवून विकल्याचा) लाँग टर्म नफा सव्वा लाखापर्यंत असेल आणि पुढे ओढायचा तोटा नसेल तर आयटीआर-१ किंवा ४ मध्येच बसतो. सॉफ्टवेअर मागच्या वर्षीच्या जेसनवरून फॉर्म निवडतं, त्यामुळे नऊ जणांना त्याने आयटीआर-२ च्या रांगेत टाकलं होतं. हाताने काढले आणि सात जण आजच संपवले. उरलेल्या दोघांना शॉर्ट टर्म नफा पण होता, त्यांना आयटीआर-२ च.

२७ जुलै

कॅपिटल गेन, म्हणजे शेअर-फंड विकून झालेला नफा. हीच ती जागा जिथे सॉफ्टवेअर पैसे वसूल करून देतं आणि हीच ती जागा जिथे मी दोनदा आपटलो.

क्लायंट नंबर ३७, रिटायर्ड शिक्षिका, आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणतो. मुलाने डीमॅट उघडून दिलंय. २०२४-२५ या वर्षात शॉर्ट टर्मच्या (घेतल्यापासून वर्षाच्या आतल्या) तीन विक्र्या: जूनमध्ये नफा १८,०००, २२ जुलैला ४४,०००, नोव्हेंबरमध्ये १५,०००. एकूण ७७,०००. २३ जुलै २०२४ पासून दर १५ चा २० टक्के झाला, म्हणून रिटर्नमध्ये आधीचं आणि नंतरचं वेगळं दाखवावं लागतं.

पहिली चूक: ब्रोकरची एक्सेल इम्पोर्ट होताना कॉलम जुळेनात, मी कंटाळून सगळी बेरीज एका ओळीत हाताने टाकली आणि तारीख शेवटच्या विक्रीची, नोव्हेंबरची दिली. सॉफ्टवेअरने आज्ञाधारकपणे सगळ्यावर २० टक्के लावले, १५,४००. बाई समोरच बसल्या होत्या, चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या, "अहो, मी बजेटच्या आदल्या दिवशी मुद्दाम विकले होते." वर्गात पाढा चुकला की जसं वाटायचं तसं वाटलं.

दुसरी चूक: मग वेगवेगळ्या ओळी टाकल्या, पण तारखा ब्रोकरच्या लेजरमधून (पैशांच्या जमा-खर्चाच्या खात्यातून) घेतल्या. लेजरमध्ये २२ जुलैच्या विक्रीचे पैसे २३ ला जमा दिसतात, कारण सेटलमेंट दुसऱ्या दिवशी होते. म्हणजे ४४,००० परत २० टक्क्यात. टॅक्स १४,५००. काँट्रॅक्ट नोट (त्या दिवशीच्या सौद्याची ब्रोकरची पावती) काढली, त्यावर २२ जुलै, आणि धरायची ती हीच तारीख. आता जुलैपर्यंतच्या ६२,००० वर १५ टक्के म्हणजे ९,३००, नोव्हेंबरच्या १५,००० वर ३,०००, एकूण १२,३००. पहिल्या आकड्यापेक्षा ३,१०० कमी, वर ४ टक्के सेस धरला तर ३,२२४.

शिकलो ते एवढं की बेरीज टाकायची नाही, कितीही ओळी असोत, विक्रीनिहाय टाकायच्या आणि ब्रोकरचा टॅक्स पी अँड एल (नफा-तोट्याचा) रिपोर्टच मागायचा, लेजर नाही. कॉलम जुळत नव्हते त्याचं कारण ब्रोकरच्या फाइलमध्ये वरच्या तेरा ओळी नाव-पत्ता-सूचनांच्या होत्या. त्या उडवल्या की पुढच्या सगळ्या फाइली दोन मिनिटांत आत. ३१ जानेवारी २०१८ पर्यंत घेतलेल्या शेअरांचा त्या दिवशीचा भाव मात्र सॉफ्टवेअर स्वतः भरतं, तिथे खरंच पैसे फिटले, पूर्वी मी एकेक शोधत बसायचो.

३ ऑगस्ट

८७ए वरून, म्हणजे ठराविक उत्पन्नाच्या आत करात मिळणाऱ्या रिबेटवरून, सपोर्टशी चाळीस मिनिटं भांडलो आणि चूक माझी निघाली.

एक तरुण पगारदार, नवीन पद्धत. ७५,००० स्टँडर्ड डिडक्शन जाऊन ५,९०,०००, वर शेअरचा शॉर्ट टर्म नफा ४०,०००, सगळा २३ जुलैनंतरचा. एकूण ६,३०,०००, सात लाखाच्या आत. माझी जुनी शीट म्हणते टॅक्स शून्य. सॉफ्टवेअर म्हणतं ८,३२०. मी फोन लावला, तावातावाने. पलीकडच्या मुलीने शांतपणे सांगितलं की सरकारी युटिलिटीत टाकून बघा. टाकलं, तिथेही ८,३२०. पगाराच्या भागावरचे १४,५०० रिबेटमध्ये जातात, पण नवीन पद्धतीत शॉर्ट टर्म नफ्यावरच्या खास दराच्या टॅक्सला, म्हणजे ४०,००० च्या २० टक्क्यांना, युटिलिटी रिबेट देत नाही. ८,००० वर सेस ३२०. या मुद्द्यावर कज्जे चालू आहेत, लोक कोर्टात गेलेत, पण क्लायंटला आज काय सांगायचं तर आज हे पैसे भरावे लागतील. माझी शीट आता अधिकृतपणे निवृत्त.

९ ऑगस्ट

जुनी की नवीन पद्धत. सॉफ्टवेअर दोन्हीची तुलना शेजारी शेजारी छापून देतं, क्लायंटला कागद दाखवला की वाद मिटतो, हे फार आवडलं. पण दोन खड्डे.

एक, मागच्या वर्षीचं जेसन आत घेतलं की मागच्या वर्षीची टिकही आत येते. तुम्ही काही केलं नाही तर नवीन पद्धत लागते अशा भरवशावर मी राहिलो आणि एका पगारदाराचं जुन्या पद्धतीत गेलं, त्याला नवीन फायद्याची होती. मुदत अजून संपलेली नाही म्हणून रिव्हाईज करता आलं. आता अपलोडच्या आधी मोठ्याने वाचतो, "जुनी" किंवा "नवीन". मुलगी नक्कल करते.

दोन, धंदावाले. किराणा दुकानदाराला जुनी फायद्याची निघाली, टिक केली, अपलोड केलं, एरर. १०-आयईएचा (जुनी पद्धत निवडल्याचं कळवायच्या फॉर्मचा) पावती नंबर आणि तारीख द्या म्हणे. पगारदाराला रिटर्नमध्ये टिक पुरते, धंद्याचं उत्पन्न असेल तर १०-आयईए वेगळा भरावा लागतो, तोही मुदतीच्या आत. आणि धंदा असेपर्यंत जुन्यातून नव्यात एकदा परत आलात की पुन्हा जुन्यात जायची वाट बंद. हे त्यांना समजावलं तर म्हणाले, "साहेब, लग्नासारखं आहे की." ज्यांनी गेल्या वर्षी भरला होता त्यांचा जुना पावती नंबर शोधून ठेवा, फॉर्म तो विचारतो. माझ्याकडे असे चार, दोघांच्या पावत्या माझ्याकडे नव्हत्या, पोर्टलवरून काढल्या.

१७-१८ ऑगस्ट

लॅपटॉप गेला.

काल रात्री निळा पडदा, आज सकाळी चालूच होईना. दुरुस्तीवाल्याने सांगितलं डिस्क गेली. सॉफ्टवेअर रोज बंद करताना "बॅकअप घ्यायचा का" विचारायचं, मी रोज हो म्हणायचो, अगदी इमानदारीत. तो बॅकअप त्याच डिस्कवर, त्याच सी ड्राइव्हमध्ये पडत होता. तीन महिने मी एका बुडत्या बोटीतून त्याच बोटीत सामान हलवत होतो.

पेनड्राइव्हवर एक जुनी प्रत होती, २ ऑगस्टची, तीही चुकून घेतलेली. त्यानंतर भरलेल्या रिटर्नांचे जेसन पोर्टलवरून परत उतरवले. न भरलेली, नुसते आकडे टाकून ठेवलेली ११ रिटर्नं गेली ती गेलीच. नवीन डिस्क (एसएसडी) ३,२०० रुपये, दोन दिवस वाया, शिवाय लायसन्स जुन्या मशीनला बांधलेलं होतं, नवीन डिस्कवर चालू करून घ्यायला सपोर्टला दोनदा फोन, आणि रविवारी ते बंद. एप्रिलमध्ये न विचारलेला प्रश्न तो हाच.

आता: दोन पेनड्राइव्ह, सम तारखेला एक, विषम तारखेला दुसरा, एक कायम दुसऱ्या खोलीत. आणि दर आठवड्याला एक बॅकअप बायकोच्या जुन्या कॉम्प्युटरवर खरंच उघडून बघायचा.

२४ ऑगस्ट

जुन्या पद्धतीवाल्यांनी यावर्षी घाम काढला. नुसता ८०डी चा (आरोग्य विम्याच्या वजावटीचा) आकडा टाकून चालत नाही, विमा कंपनीचं नाव नि पॉलिसी नंबर हवा. घरकर्जाला बँक, खातं नंबर, मंजुरीची तारीख. घरभाड्याला कामाचं ठिकाण, दिलेलं भाडं, मिळालेला एचआरए (घरभाडे भत्ता). मी प्रश्नांचा एक लांबलचक मेसेज तयार केला आणि ३४ जणांना पाठवला. २१ जणांनी अंगठा दाखवला आणि काहीच पाठवलं नाही. मग एकेकाला फक्त त्याच्यापुरता एकच प्रश्न पाठवला, "पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो टाका", तेव्हा भराभर आले. पाच जणांनी दरवर्षी सांगितलेली पॉलिसी मुळात नव्हतीच. "मागच्या वर्षी चाललं की!" चाललं, कारण विचारलं नव्हतं. आकडा काढून टाकला, दोघे नाराज, एकजण दुसरीकडे गेला.

७ सप्टेंबर

२७ ऑगस्ट ते काल, अनंत चतुर्दशीपर्यंत, कुणी फोन उचलला नाही आणि खरं सांगायचं तर मीही फारसे लावले नाहीत. आज ३८ बाकी. एका दिवसात १४ भरली, हा माझा विक्रम, आणि ते एक्सेलवर शक्य नव्हतं हे मान्य करतो.

संध्याकाळी एक भानगड सापडली. सॉफ्टवेअरच्या यादीत "फाइल्ड" हिरवं दिसतं ते अपलोड झालं की लगेच, ई-व्हेरिफाय (ओटीपी वगैरेने रिटर्न आपलंच असल्याची खात्री) झालं की नाही याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. पोर्टलवर ताडून बघितलं तर ९ जणांचं व्हेरिफिकेशन बाकी, त्यातलं एक २० जुलैचं, म्हणजे व्हेरिफाय करायचे ३० दिवस कधीच उलटले. आज व्हेरिफाय केलं, आता त्या रिटर्नची तारीख आजची धरली जाईल. मुदत १५ सप्टेंबर आहे म्हणून निभावलं, जुनी ३१ जुलैची मुदत असती तर लेट फी बसली असती, पाच लाखाच्या वर उत्पन्न म्हणजे ५,०००, आणि ती मी माझ्या खिशातून भरली असती. आता शीटमध्ये वेगळा कॉलम, व्हेरिफाय झाल्याची तारीख. हो, शीट परत आली, पण फक्त यादीपुरती.

१६ सप्टेंबर

काल रात्री साडेअकरापर्यंत बसून सहा संपवली, तीन राहिली, डोकं टेकून पडलो. सकाळी कळलं एक दिवस वाढवून मिळाला, आज १६. तिघांना फोन केले. एकाचा फोन बंद, एक म्हणाला वाढलीये तर अजून वाढेल, तिसरा गावाला गेलेला आणि आधारचा मोबाइल घरी बायकोकडे. तिघेही राहिले.

२८ सप्टेंबर

हिशोब. १४२ पैकी १२८ मुदतीत, ५ ऑडिटचे सीएंकडे दिले, ६ यावर्षी आले नाहीत किंवा गरज नव्हती, ३ उशिराची, ती ३१ डिसेंबरच्या आत लेट फीसह भरायचीत.

खर्च: सॉफ्टवेअर १०,०३०, एसएसडी ३,२००, पेनड्राइव्ह दोन ९००. एकूण १४,१३०. वाया गेलेला वेळ वहीवरून मोजला: तारखा ५ तास, लॅपटॉप २ दिवस, रिव्हाईज केलेली रिटर्नं मिळून एखादा दिवस. साध्या रिटर्नचा वेळ पंचवीसवरून बारा-पंधरा मिनिटांवर आला, कॅपिटल गेनवाल्यांचा निम्म्याहून कमी. कागद मागण्याचा वेळ आहे तिथेच.

दोघा मित्रांनी विचारलं, घ्यावं का? ज्यांची तीस-चाळीस साधी पगाराची रिटर्नं आहेत त्यांना मी नाही म्हटलं, पोर्टलवरच भरलेली माहिती तयार असते, तिथेच भरा. शेअरवाले दहाच्या वर असतील किंवा दुकानदार वाढत असतील तर घ्या, पण जानेवारीत घ्या आणि मागच्या वर्षीची दहा रिटर्नं त्यात परत करून बघा, आकडा जुळतो का. मी मे महिन्यात घेतलं आणि सराव क्लायंटच्या खऱ्या रिटर्नांवर केला.

रिन्युअलचा मेसेज आलाय, आत्ता भरलं तर सवलत. अजून भरलं नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवीन इन्कम टॅक्स कायदा लागू होतोय, कलमांचे नंबर बदलणार, त्यासाठीचा अपडेट यात धरलाय का असं लिहून विचारलंय, आणि क्लायंटची यादी एक्सेलमध्ये बाहेर काढून बघितली. १४२ नावं आली. जन्मतारखेचा कॉलम डावीकडे चिकटलेला होता.